लाकडी कठड्याची तयारी: जिना ओतण्याआधीपासून पॉलिशपर्यंत

स्वतः उभं राहून घर बांधताना सुताराची आठवण होते ती दारं-खिडक्यांसाठी. जिन्याचा कठडा ‘मग बघू’मध्ये राहतो. जिना ओतून होतो, लाद्या बसतात, आणि मग सुतार येऊन विचारतो, ‘‘खांब कशात धरायचा?’’ कठड्याचं लाकूड घरात अगदी शेवटी येतं हे खरं, पण त्याची तयारी जिन्याची सळई बांधली जात असतानाच सुरू व्हायला हवी. पुढचं सगळं कोकणातलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर आणि आत आरसीसीचा दोन टप्प्यांचा जिना धरून लिहिलं आहे.

सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागलं की आधी रुंदी पाहा. कठडा तीन-चार इंच जागा खातो, त्यामुळे चालायला तीन फूट मोकळे हवे असतील तर जिना साडेतीन फुटांचा ओता. मुख्य खांब कुठे येणार ते तेव्हाच ठरवा: खाली सुरुवातीला, दोन टप्प्यांमधल्या वळणाला, वर शेवटाला. साधारण चार खांब धरा. त्या जागी काँक्रीटमध्ये बोल्ट किंवा लोखंडी प्लेट आधीच सोडता आली तर उत्तम. नंतर भोकं पाडून अँकर बसवता येतात, पण कडेच्या फार जवळ भोक गेलं की काँक्रीटची कड फुटते. निदान तीन इंच आत राहता येईल अशी जागा ठेवायला मिस्त्रींना आत्ताच सांगा. कठड्याचा सगळा जोर या चार पायांवर असतो. मधले गज, म्हणजे उभ्या काठ्या, फक्त फट भरतात, माणूस पेलत नाहीत.

भिंतीच्या बाजूला हात धरायची दांडी हवी असेल, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर ती हवीच, तर चिऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. जांभा मऊ आणि सच्छिद्र. त्यात प्लग ठोकून स्क्रू पिळला तर आज घट्ट वाटतो आणि वर्षभरात भुगा होऊन सैल पडतो. भिंत रचतानाच ब्रॅकेटच्या जागी चिऱ्याऐवजी काँक्रीटचा ठोकळा बसवायला सांगा, आणि प्लास्टरआड जाण्याआधी त्या जागांचे टेप लावून फोटो काढून ठेवा. जिन्याच्या दिव्याचे खालचे-वरचे बटण आणि त्याचा पाइपही याच वेळी.

बांधकाम चालू असेपर्यंत उघड्या जिन्याला बांबूचा तात्पुरता कठडा बांधा. याला पर्याय नाही.

आता लाकूड. अनेकांच्या मनात परसातला फणस किंवा बांधावरचा साग असतो. झाड आपलं असलं तरी तोडायचा निर्णय एकट्याने घेता येत नाही. 1964च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ, खैर ही सगळी आपली ओळखीची झाडं आहेत. आधी तोडीची परवानगी आणि मग वाहतुकीचा पास, असे कागद लागतात. वखारीतून घेतलं तर बिल जपून ठेवा. जुन्या घराच्या तुळया-वासे मिळत असतील तर माझी पसंती त्यालाच. ते लाकूड कित्येक पावसाळे खाऊन बसलेलं असतं. फक्त गिरणीत नेण्याआधी लोहचुंबक फिरवून सगळे खिळे काढा, नाहीतर करवतीचं पातं जाईल आणि गिरणवाला पुन्हा उभं करणार नाही.

जात निवडताना खांब आणि हाताची पट्टी सागाची घ्यावी, गज शिवणीचे चालतात. शिवण हलकी, पण हवामानाने फारशी वाकत नाही. फणस सुरेख दिसतो, त्याचा पिवळा रंग वर्षागणिक गडद होत तपकिरीकडे जातो. नव्या-जुन्या तुकड्यांत फरक दिसेल एवढं लक्षात ठेवा. आंब्याला कीड लवकर लागते, तो कठड्याला नको. सागातही पांढरा भाग नाकारा आणि गाभ्याचंच लाकूड मागा.

किती लागेल याचा हिशोब आधी करा, म्हणजे वखारीत कोणी गोंधळवणार नाही. मजला साडेदहा फूट, पायरीची उंची सात इंच, पाऊल (पाय ठेवायची आडवी जागा) दहा इंच, म्हणजे एका टप्प्यात नऊ चढ आणि आठ पावलं. दर पावलाला उतारावर 12.2 इंच, म्हणजे एक टप्पा सव्वाआठ फुटांच्या आसपास. दोन्ही टोकांची छाट धरून पट्टी दहा फुटांची घ्या. दर पावलाला दोन गज धरले तर दोन टप्प्यांना बत्तीस, जास्तीचे चार धरून छत्तीस. न रंधलेल्या मापाने 2×2 इंची तीन फुटी छत्तीस गज म्हणजे तीन घनफूट. हाताच्या 3×3च्या दोन पट्ट्या सव्वा, गजांखालच्या 3×2च्या दोन पट्ट्या 0.83, आणि 4×4चे चार फुटी चार खांब 1.78. बेरीज सातच्या जरा आत. तूट पाव भाग धरली की पावणेनऊ घनफूट. वरच्या मजल्याची उघडी कड असेल तर ती वेगळी मोजा.

चिरून आणलेलं लाकूड छपराखाली, जमिनीपासून वर, प्रत्येक थरात दीड-दोन फुटांवर पट्ट्या घालून रचा. टोकांना रंग फासा. लाकूड टोकाकडूनच भराभर सुकतं आणि चिरतं. दिवाळीनंतर रचलेलं लाकूड उन्हाळा खाऊन निघतं. ओलावा मोजायचं यंत्र सुताराकडे नसेल तर मागवा. किनारपट्टीवर बारा ते चौदा टक्क्यांच्या आसपास आकडा आला की हात लावा. प्लास्टरवर पाणी मारणं चालू असलेल्या घरात हे लाकूड आणू नका.

मापं मात्र लाद्या बसल्यावरच घ्यायची. गवंडी कितीही चांगला असो, लादी-मसाल्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या पायरीची उंची थोडी बदलतेच. सरळ फळी पायऱ्यांच्या नाकांवर, म्हणजे पुढच्या कडांवर टेकवून तिचा उतार प्लायवर उतरवा आणि प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र फर्मा करा. सात-दहाच्या पायरीला कोन 35 अंश निघतो, पण कागदावरच्या कोनाने कापू नका, फर्म्यावरून कापा. हाताची पट्टी नाकापासून उभ्या मापाने तीन फूट, वरच्या उघड्या कडेला साडेतीन. गजांमधली फट चार इंचांच्या आत, म्हणजे रांगतं मूल डोकं घालू शकणार नाही. रंधून दीड इंची झालेले गज पाच इंचांवर आले की फट साडेतीन राहते. हे पाच इंच आडव्या मापाचे. उताराच्या पट्टीवर खूण करताना 6.1 इंच येतात. नेमका इथे सुतार आणि मालक यांचं भांडण होतं.

गज थेट पायरीत रोवण्याची पद्धत मला पटत नाही. आपल्याकडे जिना पाण्याने पुसतात, कधी धुतातही, आणि गजाचं टोक ते पाणी पीत राहतं. पायऱ्यांच्या नाकांपासून दोन इंच वर खालची तिरकी पट्टी घ्या आणि गज दोन पट्ट्यांमध्ये कुसू (खाचेत बसणारं टोक) करून बसवा. खांबाच्या तळाशीही स्टेनलेस प्लेट घालून लाकूड फरशीपासून थोडं वर राहू द्या. समुद्राजवळ साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि लाकडावर काळे डागही पाडतात.

कातीव गज हवे असतील तर कातारी आधी शोधून एक नमुना करून घ्या, आणि तो जागेवर उभा करून, लांबून पाहून मगच बाकीचे सांगा. खूप खाचा-वळ्या म्हणजे खूप धूळ. मी साधा चौकोनी, कडा मारलेला गजच सुचवीन. हाताची पट्टी मात्र दिसण्यापेक्षा मुठीत मावते का ते पाहा. जाडजूड चौकोनी पट्टी भारदस्त दिसते, पण पाय घसरला तर धरता येत नाही. जुन्या वाड्यांतल्या अंधाऱ्या जिन्यांना धरायला नुसता दोर असायचा, पण तो मुठीत तरी यायचा.

सुताराशी मजुरी ठरवताना रनिंग फूट उतारावर मोजायचा की आडवा, हे आधी लिहून घ्या. स्क्रू, सरस, काचपेपर कोणाचे, पॉलिश मजुरीत की वेगळं, हेही. आणि वरचं कपाट, पलंग, गाद्या चढवून झाल्यावरच कठडा बसवा.

जोडण्याआधी प्रत्येक तुकड्याला खालून, टोकांना, कुसवालाही एक हात पॉलिश किंवा बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) लावा, कारण नंतर तिथे ब्रश जात नाही. बेलतेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा.

खांबांचे बोल्ट झाकणारी लाकडी बुचं सरसाने चिकटवू नका, नुसती दाबून बसवा. पहिला पावसाळा गेला की लाकूड आकसतं, आणि नोव्हेंबरात सगळे बोल्ट एकदा पान्याने आवळावे लागतात.