शेवटच्या उड्डाणाआधीची तयारी: निवृत्त होणारं लष्करी विमान जतन करायचं असेल तर

विमान शेवटचं उतरतं आणि त्याच संध्याकाळपासून बिघडायला लागतं. उडत होतं तोवर त्याच्याभोवती माणसं होती. रोज कुणीतरी पॅनल उघडायचं, तेल फिरतं राहायचं, उन्हात आणि उंचीवर आतली ओल सुकून जायची, चाकं फिरायची. निवृत्तीनंतर हे सगळं एका दिवसात थांबतं. आणि नेमकी तेव्हाच बहुतेक ठिकाणी जतनाची पहिली बैठक बोलावली जाते. म्हणून खालची तयारी विमान सेवेत असतानाच सुरू करा. शेवटच्या उड्डाणाला निदान वर्ष तरी हाताशी असू द्या.

पहिलं काम कागदावरचं आहे, पण बाकी सगळं त्यावर उभं राहतं: या विमानाचं पुढे काय करायचं ते ठरवा. ते उडतं ठेवायचं आहे, की इंजिन सुरू होऊन जमिनीवर धावेल एवढंच? की हँगरमध्ये स्थिर ठेवायचं, की आज जसं आहे तसंच, पोचे आणि ठिगळं न लपवता? ब्रिटनच्या हवाई दलाने १९५७ पासून जुनी विमानं उडती ठेवणारं एक पथक चालवलं आहे आणि ते आजही चालू आहे. उलट बाजूला, १९४२ मध्ये न्यू गिनीच्या दलदलीत उतरलेलं ‘स्वॅम्प घोस्ट’ नावाचं बी-१७ हे बॉम्बर २००६ मध्ये बाहेर काढलं आणि पर्ल हार्बरच्या संग्रहालयात ते जखमांसकट ठेवलं. दोन्ही निर्णय योग्य आहेत, कारण ते आधी विचार करून घेतले गेले. घातक असतं ते ‘बघू पुढे’. त्या दोन शब्दांत विमान दहा पावसाळे उघड्यावर काढतं.

उडवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्या प्रकारचं एकच विमान उरलं असेल तर ते उडवू नये. त्या वेळी उडण्याच्या अवस्थेत असलेलं जगातलं एकमेव मॉस्किटो, महायुद्धातलं लाकडी बांधणीचं विमान, १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये हवाई प्रदर्शनात कोसळलं, दोघांचा जीव गेला. २०१९ आणि २०२२ मध्ये अमेरिकेत दोन बी-१७ अपघातात गेली, सोबत माणसंही गेली. अनेक नमुने शिल्लक असतील तर एखादं उडावं, त्याचा आवाज पुढच्या पिढीला ऐकू यावा, हे मला मनापासून वाटतं. पण तेव्हाही आधी विचारा: या विमानाच्या तांत्रिक जबाबदारीवर सही कोण करणार? व्हल्कन एक्सएच ५५८ हे बॉम्बर १९९३ मध्ये निवृत्त झालं, लोकांच्या देणग्यांवर २००७ मध्ये पुन्हा उडालं आणि २०१५ मध्ये कायमचं उतरलं, कारण त्याला पाठबळ देणाऱ्या कंपन्यांनी ते थांबवायचं ठरवलं. प्रेम करणारे हजारो होते, पण सही करणारे लागतात ते वेगळे.

मग कागदपत्रं. एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं लॉगबुक, प्रत्येक इंजिनचं आणि प्रोपेलरचं वेगळं लॉगबुक, केलेल्या फेरबदलांची नोंद, दुरुस्तीची पुस्तकं, नकाशे, सुट्या भागांची यादी, हे सगळं विमानासोबत हलवायचं आहे. ते ‘नंतर पाठवतो’ म्हणून मागे राहू देऊ नका. स्क्वाड्रन बंद होतं, कपाटं रिकामी होतात आणि रद्दी उचलणाऱ्याला लॉगबुक आणि जुनं रजिस्टर यातला फरक कळत नाही. मालकी कोणाची तेही लिहून घ्या. पुष्कळ विमानं संग्रहालयांकडे उसनी असतात, मालक हवाई दल किंवा नौदलच राहतं आणि अटी मोडल्या तर ते परत नेऊ शकतं. सुटे भाग गृहीत धरू नका. अमेरिकेच्या नौदलाने २००६ मध्ये एफ-१४ हे लढाऊ विमान निवृत्त केलं, पण तीच विमानं वापरणाऱ्या इराणला त्याचे भाग मिळू नयेत म्हणून त्यांची विक्री थांबवली आणि कित्येक विमानं तोडून टाकली. कुठले भाग मिळणार नाहीत हे आधीच कळलं तर निदान मोजमापं आणि फोटो तरी घेता येतात.

आता माणसं. माझ्या मते यादीतली सगळ्यात जास्त दुर्लक्षित बाब हीच आहे. विमान सेवेत असतानाच कॉकपिटमध्ये कॅमेरा लावा आणि इंजिन सुरू करण्याचा सगळा क्रम, पहिल्या कळीपासून शेवटच्या कळीपर्यंत, आवाजासकट चित्रित करा. बाहेरूनही करा, कारण आत ऐकू येणारा आवाज आणि पंखाखाली उभ्या असलेल्या मेकॅनिकला ऐकू येणारा आवाज निराळा असतो. नंतर त्याच मेकॅनिकला विमानाभोवती फिरवा आणि बोलू द्या. कुठला स्क्रू अर्धा आटाच घट्ट करायचा, कुठलं झाकण बुक्की मारल्याशिवाय बसत नाही, कुठल्या जोडातून नेहमीच तेल पाझरतं आणि ते किती पाझरलं तर काळजी करायची, यातलं काहीच पुस्तकात नसतं. चाकं आत जातात त्या खणात मेकॅनिकांनी पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा, आकडे, आद्याक्षरं सापडतात. त्यांचे फोटो काढा आणि ‘साफसफाई’ करणाऱ्याला ती जागा आधी दाखवून ठेवा.

शेवटच्या उड्डाणाचा समारंभ होणारच, व्हावाही. अग्निशमन गाड्या पाण्याची कमान करतात, विमान तिच्याखालून येतं, बघणाऱ्यांचे डोळे भरून येतात. एवढंच सांगून ठेवा की पाणी साधं असावं, त्यात फेस मिसळलेला नको, आणि त्याच दिवशी पॅनलं उघडून विमान सुकवलं जावं. भिजलेलं विमान हारतुऱ्यांसकट हँगरमध्ये बंद करून ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

त्यानंतर सगळ्यात गंभीर काम. लढाऊ विमानात बसायची जागाच स्फोटक असते. आणीबाणीत वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमध्ये काडतुसं असतात, बऱ्याच सीटच्या खाली रॉकेट असतं, आणि हॅरियर, हॉक अशा विमानांच्या कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या काचेवर स्फोटक दोर चिकटवलेला असतो. सेफ्टी पिन लावली म्हणजे सीट निकामी झाली असं नाही. प्रत्येक काडतूस प्रशिक्षित शस्त्र-तंत्रज्ञानेच काढायचं, त्याचा क्रमांक टिपायचा आणि सीट व विमान पूर्ण निर्धोक असल्याचा लेखी दाखला घ्यायचा. तो हातात येईपर्यंत कॉकपिटमध्ये कुणीही बसायचं नाही, पाहुणा कितीही मोठा असो. त्याच यादीत अग्निशामक बाटल्यांची काडतुसं, इंधनाच्या टाक्या टाकून देणारी काडतुसं, तोफा आणि शत्रूच्या क्षेपणास्त्रांना भुलवणाऱ्या फ्लेअर येतात. हायड्रॉलिकच्या अॅक्युम्युलेटरमधला (दाब साठवणाऱ्या टाकीतला) नायट्रोजन आणि चाकांच्या दांड्यांमधला दाबही शिस्तीने सोडावा लागतो. एफ-१६ सारख्या विमानात आणीबाणीच्या वीजपुरवठ्यासाठी हायड्रॅझिन हे इंधन असतं. ते अत्यंत विषारी आहे आणि त्याला हात लावणं हौशी माणसाचं काम नाही.

जुन्या विमानांचं विष शांत असतं. महायुद्धाच्या काळातल्या घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकावं म्हणून रेडियमचा लेप आहे. चमक काही दशकांत मरते, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. म्हणजे तपकिरी पडलेली, निरुपद्रवी दिसणारी तबकडी आजही किरण सोडते. काच फुटलेली असेल तर तो लेप भुकटी होऊन बोटांना लागतो. मापकाने मोजा, खुणेची पट्टी लावा, काच उघडू नका. ब्रेकच्या अस्तरात आणि उष्णतेच्या पडद्यांमध्ये अॅस्बेस्टॉस, पिवळट-हिरव्या प्रायमरमध्ये क्रोमेट, बोल्टांवर कॅडमियम: घासण्याआधी हे माहीत हवं. मास्क हा खर्चाच्या यादीतला पहिला आकडा असू द्या.

इंधन काढलं की टाकी रिकामी झाली असं समजू नये, कारण धोका उरलेल्या वाफेचा असतो. हवा खेळवून टाकी कोरडी करा. १९९५ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर ‘की बर्ड’ नावाचं बी-२९ हे बॉम्बर पुन्हा उडण्याच्या बेतात होतं. १९४७ पासून ते तिथेच पडून होतं, नवी इंजिनं बसवली होती, धावायला सुरुवातही झाली होती. सहायक वीजयंत्राच्या तात्पुरत्या टाकीतून इंधन गळलं आणि विमान जळून गेलं. जुगाडाची टाकी ही गोष्ट यादीतून कायमची खोडून टाका.

इंजिनाचं जतन ते अजून चालू स्थितीत असतानाच करायचं असतं. पिस्टन इंजिन शेवटचं चालवताना त्यात गंजरोधक तेल फिरवतात, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये ते फवारतात आणि स्पार्क प्लगच्या जागी ओल शोषली की निळ्याचे गुलाबी होणारे मणी भरलेले पारदर्शक प्लग बसवतात. एकदा हे झालं की प्रोपेलर हाताने फिरवायचा नाही. पाहुण्यांना दाखवायला म्हणून एक फेरा दिला तरी सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर खरवडून निघतो. जेट इंजिनच्या इंधन यंत्रणेत जतनाचं तेल भरतात आणि पुढची-मागची तोंडं घट्ट झाकतात.

हलवण्याची वेळ आली की घाई सुरू होते, आणि विमानांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. ट्रेलरवर बसत नाही म्हणून गॅस कटरने पंख कापणारे लोक मी पाहिले आहेत. कापलेला मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, पुन्हा तसा होत नाही. पंख बोल्ट काढूनच उतरवायचे. त्या बोल्टांवर निदान आठवडाभर आधीपासून आट्यांत शिरणारं भेदक तेल सोडत राहा, पंखाला त्याच्या आकाराचा पाळणा बनवा, प्रत्येक बोल्ट आपल्या नटासकट कापडी पिशवीत घालून चिठ्ठी बांधा आणि काढण्याआधी फोटो घ्या. नाकातलं रडार, तोफा किंवा शिशाचं वजन काढलंत तर तोल मागे जातो आणि तीन चाकांचं जेट शेपटीवर बसतं. म्हणून शेपटीखाली टेकू आधी, सुटे करणं नंतर.

जागा. छप्पर मिळत असेल तर बाकी सगळ्या सोयी सोडा आणि छप्पर घ्या. अमेरिकेतल्या ॲरिझोनात डेव्हिस-मॉन्थन तळावर हजारो विमानं उघड्यावर टिकतात ती हवा कोरडी आणि जमीन कडक आहे म्हणून, आणि तिथेही काचा व सांधे पांढऱ्या लेपाने बंद केलेले असतात. दमट हवेत हा हिशोब लागू पडत नाही. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ या बी-२९ ने १९५० च्या दशकात काही वर्षं उघड्यावर काढली. पक्ष्यांनी त्यात घरटी केली, आठवण म्हणून लोकांनी भाग उपटून नेले. १९८४ मध्ये सुरू झालेल्या दुरुस्तीला सुमारे ३,००,००० तास लागले आणि पूर्ण जोडलेलं विमान २००३ मध्ये लोकांसमोर आलं.

हे मला एका पंखाने शिकवलं. काही वर्षं मैदानात उभ्या असलेल्या एका जेटच्या पंखाच्या मुळाशी आम्ही पॅनल उघडलं. आत काटक्यांचं घरटं होतं, खालून ओलं. पाणी निघून जावं म्हणून ठेवलेलं भोक विष्ठेने बुजलं होतं. बाहेरून रंग शाबूत, चकचकीत. घरटं उचललं तर खालचा अॅल्युमिनियमचा कोन भिजलेल्या वहीची पानं सुटावीत तसा पदर-पदर सुटला होता आणि बोट लावताच पांढरी भुकटी झाली. तो भाग वजन पेलणारा होता. काडी घालून एक भोक मोकळं ठेवायला किती वेळ लागला असता? म्हणून उघड्यावर ठेवावंच लागलं तर तळाची सगळी भोकं मोजून नकाशावर मांडा आणि ठराविक दिवशी काडी घालून तपासा. जाळ्या लावा, पण भोकं बुजवू नका. चाकांवरचं वजन जॅक लावायच्या जागी टेकू देऊन उतरवा. संपूर्ण विमान प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम साचतो. प्रवेशद्वारावर खांबावर चढवायचं असेल तर फायबरची प्रतिकृती चढवा. ब्रिटनने १९८० च्या दशकाच्या शेवटी हवाई तळांच्या दारावरची खरी स्पिटफायर लढाऊ विमानं उतरवून प्रतिकृती उभ्या केल्या आणि उतरवलेल्यांपैकी काही पुढे पुन्हा उडाली.

रंगाला सगळ्यात शेवटी हात लावा. जुन्या थरांत विमानाचं चरित्र असतं. आधी छोटी चौकोनी खिडकी घासून थर मोजा, रंगपट्टीसोबत फोटो घ्या, वाळूचा मारा करू नका. १९४३ मध्ये युद्धासाठी पैसा उभारायला अमेरिकेत फिरवलेल्या ‘मेम्फिस बेल’ या बी-१७ च्या पत्र्यावर लोकांनी आपली नावं कोरली होती. दुरुस्ती करणाऱ्यांनी ती पुसली नाहीत आणि २०१८ मध्ये विमान प्रदर्शनात आलं तेव्हा ती त्यावर होती. समुद्रातून काढलेल्या विमानाचं शास्त्रच वेगळं: २०१३ मध्ये इंग्लिश खाडीतून वर आणलेल्या डॉर्निअर १७ या जर्मन बॉम्बरवर कित्येक महिने सायट्रिक अॅसिडच्या पातळ द्रावणाचा फवारा चालू ठेवावा लागला. काढण्याआधी ती सोय नसेल तर पाण्यातच राहू द्यावं.

अग्निसुरक्षा आधी, उद्घाटन नंतर. १९७८ मध्ये सॅन डिएगोचं विमान संग्रहालय एका रात्रीत जळालं. कापडी विमानांवरचा जुना नायट्रेट लेप भडकून पेटतो, ती लाकडी साठ्यापासून लांब ठेवा. लॉगबुकांच्या प्रती दुसऱ्या इमारतीत ठेवा.

शेवटी एक नवी वही घ्या. उड्डाणाचं लॉगबुक जिथे संपतं तिथून ही सुरू होते. पहिल्या पानावर तारीख, हँगरमधली आर्द्रता, टेकूंच्या जागा, बुजलेली-मोकळी भोकं आणि सिलिंडरमधल्या मण्यांचा रंग लिहा. मणी निळे असतील तर सही करून वही मिटा. गुलाबी झाले असतील तर आजच बदला.