जुन्या फियाटला मापाच्या मॅट बसवताय? या चुका टाळा

जुनी गाडी विकत घ्यायला गेलात आणि आत पाय ठेवायच्या जागी कोऱ्या करकरीत मॅट दिसल्या, तर इंजिनचं बॉनेट उघडण्याआधी त्या मॅट उचलून बघा. उचलता येत नसतील, कडा सोल्युशनने चिकटवलेल्या असतील, तर भाव करायला तिथूनच सुरुवात करा. सडलेला पत्रा झाकायला मॅटपेक्षा स्वस्त दुसरं काही मिळत नाही.

हीच कसोटी स्वतःच्या गाडीलाही लावायची. मॅट मापात हवी, दिसायला हवी, घसरायला नको, हे सगळं खरं. पण जुन्या गाडीत सगळ्यात आधी ती एका हाताने उचलता आली पाहिजे. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि नंतर पद्मिनी अशा नावांनी बनलेली ही गाडी आपल्याकडच्या हौशी मंडळींकडे अजून बऱ्यापैकी आहे. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता ज्या उरल्यात त्या घरच्या, लाडाच्या. आणि लाडाच्या गाडीवरच अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात जास्त प्रयोग होतात.

खालचा पत्रा न बघता वर सजावट

मॅट शिवायला टाकण्याआधी फ्लोअर पूर्ण उघडा करा. सीट काढा, जुनी चटई काढा, तिच्याखालचा नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड थर) किंवा काथ्या काढा. पुढच्या सीटसमोरचे दोन कोपरे, दरवाज्याच्या उंबऱ्याला लागून असलेली पट्टी आणि सीटचे रूळ जिथे बोल्टने आवळलेत ती जागा, पत्रा खराब होतो तो बहुतेक इथे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो. आवाज बसका आला तर तिथे एक तर जुनं डांबरी पॅड सुटलंय, नाही तर कुणीतरी भोकावर फायबर आणि लांबी (पुट्टी) थापून रंग मारलाय. डांबरी पॅड सुटलं असेल तर ते खरवडून काढा, कारण त्याच्याखाली पाणी महिनोन्‌महिने बसून राहतं.

वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून, पुसून, कोरडं करून चांगला अँटी-रस्ट प्रायमर आणि त्यावर रंग. भोक असेल तर पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करणं हाच उपाय. त्याला पर्याय म्हणून जाड मॅट सुचवणारा माणूस तुमचे पैसे वाचवत नाही, फक्त खर्च पुढच्या पावसाळ्यावर ढकलतो. आणि वेल्डिंग आत्ताच उरका. नवी मॅट, नवा नमदा घातल्यावर ठिणग्या उडवायला कुठलाही डेंटर खुशीने तयार होणार नाही.

फ्लोअरला पाणी काढायची भोकं असतात, त्यांवर रबरी बुचं असतात. ती जुनी, तडकलेली असतील तर बदला. त्यांवरून डांबरी शीट सरसकट चिकटवू नका.

फ्लोअर लॅमिनेशन

नव्या गाडीला शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या जे करतात ते जुन्या गाडीला करायचं नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत रेक्झिनसारखं जाड कापड ताणून बसवायचं, कडा चिकटवायच्या, वर पुन्हा नूडल मॅट (प्लास्टिकच्या गुंतलेल्या शेवयांसारखी दिसणारी जाळीदार मॅट) टाकायची. दिसतं छान, झाडायला सोपं. पण पद्मिनीच्या वयाच्या गाडीत पाणी आत येणारच: काचेच्या रबरातून, दरवाज्याच्या बीडिंगमधून, त्रिकोणी काचेच्या कोपऱ्यातून, आणि काही नाही तर तुमच्या ओल्या चपलांवरून. लॅमिनेशनखाली गेलेलं पाणी वर येत नाही. वास सुटेपर्यंत कळतही नाही. रत्नागिरी-मालवणकडे खाऱ्या हवेत गाडी उभी राहत असेल, तर हा प्रकार विचारातही घेऊ नका.

सध्या चालणाऱ्या सेव्हन-डी मॅटबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. उंच कडांची ती परात आधुनिक गाडीच्या सपाट फ्लोअरला ठीक आहे. पद्मिनी पुढे इंजिन, मागच्या चाकांना ओढ अशा बांधणीची. मधून प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा) उंचवटा जातो, आणि त्यावर ही मॅट कधीच नीट बसत नाही. शिवाय साठ-सत्तरच्या दशकातल्या डॅशबोर्डखाली चौकोनी टाके घातलेलं तपकिरी लेदरेट बघवत नाही. हा शेवटचा मुद्दा अर्थात आवडीनिवडीचा.

मग घालायचं काय? पावसाळ्याचे चार महिने सुटी, कडा किंचित उचललेली रबरी मॅट, जी घरी आल्यावर बाहेर काढून झटकता येते. उरलेले आठ महिने कापडी कार्पेटच्या, बायंडिंग केलेल्या (कडांना पट्टी शिवलेल्या) मॅट. दोन संच ठेवणं चैन वाटेल, पण फ्लोअरचा पत्रा बदलण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

माप घेताना होणारे घोळ

‘पद्मिनीचं माप आहे आमच्याकडे’ असं दुकानदार म्हणाला तरी कागदाचा साचा स्वतःच्या गाडीतच काढा. इतक्या वर्षांत फ्लोअर एकदा तरी ठोकून काढलेला असतो, तुकडे जोडलेले असतात, सीटचे रूळ सरकवलेले असतात. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांची मापं जुळतीलच असं नाही.

साचा उघड्या पत्र्यावर काढू नका. ज्या नमद्यावर मॅट बसणार आहे तो आधी अंथरा आणि त्याच्यावर ब्राऊन पेपर ठेवून काढा. नमद्याची जाडी कोपऱ्यात आणि उंचवट्याच्या कडेला माप खाते. उघड्या पत्र्यावरचा साचा तिथे हमखास मोठा होतो आणि मॅट फुगून उभी राहते. कागद आधी मोठाच ठेवा, कोपऱ्यांत चिरा देत देत बसवा, जिथे जास्त कापलं गेलं तिथे चिकटपट्टीने तुकडा जोडा. मग सीट बसवून ती पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा. हे राहून गेलं की मॅट रुळात अडकते, सीट अर्ध्यावरच थांबते आणि दोष रुळांना दिला जातो.

साच्यावर मोठ्या अक्षरात ‘वर’ आणि ‘ड्रायव्हर’ लिहा. साधी गोष्ट आहे, पण ती विसरली की कारागीर साचा उलटा ठेवून कापतो. दोन्ही बाजू सारख्या असलेलं कापड उलटं करून निभावता येतं. कार्पेटला मात्र एकच तोंड असतं, त्यामुळे तो तुकडा वाया जातो. सगळ्या तुकड्यांवर बाणाने लवेची दिशाही दाखवा. एका मॅटची लव पुढे आणि दुसरीची आडवी गेली, तर एकाच थानातलं कापड उन्हात दोन रंगांचं दिसतं.

याच चुकीचा महागडा अवतार म्हणजे परदेशातून मागवलेला तयार संच. इटलीत फियाट ११०० डी चे, म्हणजे आपल्या पद्मिनीच्या मूळ गाडीचे, सुटे भाग मिळतात, कार्पेटचे संचही मिळतात, आणि फोटोत ते डोळ्यांत भरतात. पण तिकडच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. टाचेखालचा रबरी तुकडा आपल्या गाडीत शेजारच्या प्रवाशाच्या पायाखाली येतो, पेडलपाशी दिलेला काप नेमका नको तिथे पडतो. फोक्सवॅगन बीटलसाठी अमेरिकेतून संच मागवणाऱ्यांची हीच गत होते. मागवायचाच असेल तर उजव्या स्टिअरिंगचा आहे ना, हे लेखी विचारा. इंग्लंडमध्ये राहून मॉरिस मायनर सांभाळणाऱ्या आपल्या मंडळींना ही अडचण नाही, तिथे माल उजव्या हाताचाच मिळतो.

ज्यांच्याकडे डिलाइटच्या आधीची ‘डुक्कर फियाट’ आहे, त्यांनी आणखी एक बघावं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात. चढता-उतरताना पाय नेहमीपेक्षा वेगळ्या जागी पडतो, त्यामुळे मॅटची कोणती कड झिजते ते जुन्या चटईवरून पाहून तिथे दुहेरी बायंडिंग करून घ्या.

पेडलपाशी हयगय

इथे मात्र दिसण्याचा विचार शेवटी.

ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टोयोटाच्याच एका लेक्सस गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच राहिला आणि अपघातात गाडीतले चौघेही गेले. तपासात आढळलं ते असं, की गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती आणि ती नीट अडकवलेली नव्हती. त्यानंतर टोयोटाने सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरची मॅट काढून ठेवायला सांगितलं. ती गाडी नवी होती, फ्लोअरला मॅट अडकवायची सोय होती, तरीही हे घडलं. आपल्या जुन्या गाडीत तशी सोयच नसते.

म्हणून मॅटवर मॅट कधीही नाही. कार्पेट खराब होऊ नये म्हणून वर पारदर्शक प्लास्टिक किंवा नूडल मॅटचा तुकडा टाकणं ही ड्रायव्हरच्या बाजूला सगळ्यात धोकादायक सवय आहे. मॅट बसवल्यावर इंजिन बंद ठेवून तीनही पेडल हाताने तळापर्यंत दाबा आणि सोडा. मग मॅट मुद्दाम पुढे ढकलून पुन्हा तेच करा. पूर्ण दाबलेल्या पेडलच्या आजूबाजूला दोन बोटं मोकळी जागा राहिली नाही तर कैची घ्या. बीटलसारख्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर जमिनीलाच बिजागरीने जोडलेला असतो. तिथे मॅटची कड पेडलच्या मागे सरकता कामा नये, मॅट पेडलच्या बरीच अलीकडे कापून संपवा.

मॅट जागेवर धरण्यासाठी फ्लोअरला ड्रिल मारू नका. खालून ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप जातात, आणि प्रत्येक नवं भोक म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण. खाली कायमचं कार्पेट असेल तर त्यालाच टिच बटणाचा खालचा भाग बसवा आणि वरचा मॅटला. नाही तर सीटच्या रुळाच्या बोल्टखाली पट्टी घेऊन मॅटची मागची कड तिला अडकवा. फक्त वेलक्रोवर विसंबू नका, धूळ भरली की ते सुटतं.

बसवल्यानंतर काही बिनसलं तर

गियर टाकताना अचानक खरखर सुरू झाली तर मेकॅनिककडे जाण्याआधी मॅट काढून गाडी चालवून बघा. जाड नमद्यामुळे क्लच तळाशी पोहोचत नाही, अर्धवट सुटतो आणि गियर कुरकुरतात.

मॅट ओली लागली तर आधी बोट लावा. तेलकट, निसरडं लागलं तर ते पावसाचं पाणी नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि आतली जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या) बाजूला ब्रेक किंवा क्लचचा सिलिंडर गळतोय, आणि ते द्रव रंगही खातं. गाडी हलवू नका, मेकॅनिकला बोलवा.

पाणीच असेल तर मॅट आणि नमदा बाहेर काढा, कोरड्या पत्र्यावर वर्तमानपत्र पसरा, एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा. सुरुवात खालून करा. आधी उंबरा, मग दरवाजा, शेवटी काच. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि चोर सापडत नाही. पाणी जिथे साचलंय तिथूनच आलं असेल असं धरून चालू नका, ते उतारावरून सखल भागात येतं. मागच्या सीटपुढे ओल असली तरी गळती पुढच्या काचेच्या रबरात निघू शकते. आणि ती वर्तमानपत्रं काम झाल्यावर काढा. टिपकागद म्हणून ठेवलेला पेपर पावसाळाभर विसरला की तोच पत्र्याला ओल पुरवतो.

नवी रबरी मॅट कुरियरने गुंडाळून आली आणि कडा वर वळल्या, तर तशीच गाडीत टाकू नका, विशेषतः ड्रायव्हरच्या बाजूला. गच्चीवर उन्हात उलटी पसरून कोपऱ्यांवर विटा ठेवा आणि दुपारभर राहू द्या. तरीही कड उभीच राहिली तर ती मॅट मागच्या सीटपुढे वापरा.