वादळानंतर गोव्याच्या पुळणीवर जुनी नाणी कशी शोधावीत

मेटल डिटेक्टर कितीही महागाचा घ्या, नाण्याएवढी वस्तू त्याला साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते, आणि खाऱ्या ओल्या वाळूत बहुधा त्याहूनही कमी. कळंगुट, कोलवा, बाणावली इथे हिवाळ्यात जी जाड, मऊ वाळू दिसते ती जुन्या थरावर कितीतरी फूट चढलेली असते. तिच्याखाली पडलेलं नाणं कुठल्याही मशीनला ऐकू येत नाही. म्हणून आधी वाळू कुठून गेली आहे ते ओळखायला शिका, मग मशीनचं बघू.

मे सरत आला की लाटा उंच होतात आणि एकीमागून एक लवकर येऊ लागतात. त्या पुळणीची वाळू ओढून समोरच्या उथळ पाण्यात नेऊन टाकतात. जुलै-ऑगस्टमध्ये किनारा सर्वांत रोड असतो. सप्टेंबरपासून लाटा शांत झाल्या की तीच वाळू हळूहळू परत येते आणि डिसेंबरपर्यंत पुळण पुन्हा भरते. या नेहमीच्या चक्रात अरबी समुद्रातलं एखादं वादळ मध्येच घुसतं आणि एक-दोन दिवसांत एवढी वाळू खरवडतं की एरवी त्याला महिना लागला असता. ऑक्टोबर 2019 मधलं क्यार आणि मे 2021 मधलं तौक्ते ही वादळं गोव्याच्या समोरून समुद्रातूनच गेली, पण त्यांच्या लाटा किनाऱ्यावर चढल्या होत्या. पाऊस किती पडला याने काही ठरत नाही. लाटांची उंची, वारा कुठून होता आणि तेव्हा उधाण होतं की भांग (मोठी भरती की लहान), हे बघा. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज रोज मिळतो. तो वादळाच्या आधीपासून नोंदवून ठेवा, म्हणजे कुठल्या पुळणीवर जायचं ते आधीच ठरवता येतं.

बुडालेल्या जहाजांबद्दल आधीच स्पष्ट असलेलं बरं. मुरगावच्या आसपासच्या समुद्रात सुंची रीफ, सेंट जॉर्ज रीफ आणि आमी शोल या पाण्याखालच्या उथळ खडकाळ जागांवरच्या अवशेषांचा अभ्यास दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलेला आहे. सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाच्या तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले. सेंट जॉर्ज रीफवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेच्या कारखान्यातला भाजक्या मातीचा माल होता, तर आमी शोलवर वाफेच्या इंजिनाचं जहाज. पण जड नाणं खडकाच्या फटीत बसतं, ते वाळूसारखं वाहत किनाऱ्याला येत नाही. पुळणीवर मिळणारं जुनं नाणं बहुधा जमिनीकडचं असतं, धक्क्यावर, तरीवर नाहीतर होडीत चढता-उतरताना पडलेलं. म्हणून मांडवी आणि झुवारीच्या मुखाजवळच्या पुळणी आधी बघाव्यात: मिरामार, करंजाळे, शिरदोण. जहाजाच्या जागी पाण्यात उतरून शोधण्याचा विचारच करू नये, ते काम त्या संस्थेचं आहे.

पुळण वाचणं

किनाऱ्यावर पोचलात की लगेच मशीन लावू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतं चालत जा. वादळाने वाळू कापली असेल तिथे उभी कडा दिसते, कधी गुडघ्याएवढी, कधी कमरेच्या वर. तिच्या पोटात थर असतात. पांढरट वाळूच्या मध्ये काळी रेघ दिसली तर ती जड खनिजांची वाळू. एखाद्या जुन्या वादळात किनारा तिथवर खरवडला गेला होता. कडेच्या पायथ्यापासून पाण्यापर्यंतचा पट्टा हे तुमचं पहिलं क्षेत्र.

पायाला काय लागतं तेही बघा. टाच रुतली तर वाळू नवी. टाचेखाली घट्ट लागलं, जांभ्याचे खडे, फुटके शिंपले आणि काळपट वाळू वर आलेली दिसली, तर थांबा. सहा मिलिमीटर जाडीची, मीटरभर लांब लोखंडी सळई हातात ठेवा आणि दर दहा पावलांवर ती हलक्या हाताने खुपसा. वीतभराच्या आत ती घट्ट थराला टेकली तर तो पट्टा मशीनच्या आवाक्यात आहे. कोपरभर आत गेली तर पुढे चला, मग वरून ती जागा कितीही साजरी दिसो.

लाट वाळू सुपात पाखडावी तशी पाखडते. हलकं पुढे जातं, जड एका जागी साठतं. त्यामुळे जड वस्तू एकत्र सापडतात आणि त्यांच्यातली सगळ्यात बोलकी म्हणजे रापणीच्या जाळ्याचं शिसं. एका खोलीएवढ्या जागेत दोन-तीन शिशाचे गोळे निघाले तर तिथेच दोऱ्या लावून चौकट आखा आणि तसू-तसू तपासा. नाणं असलंच तर त्याच पट्ट्यात असेल. उलट नुसते अॅल्युमिनियमचे कपटे आणि डब्यांच्या चाव्या मिळत असतील, तर ती लाटेने नुकतीच आणून टाकलेली हलकी वाळू आहे. तिच्यावर तासही घालवू नका.

वेळ भरती-ओहोटीवर ठरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने मिळते, हा कोकणातला हिशोब इथेही कामाला येतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला. हा अंदाज झाला, नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या तक्त्यातून घ्या. उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे दोन मीटर वरखाली होतं, म्हणून अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस सर्वांत चांगले. ओहोटीच्या दोन तास आधी सुरुवात करा, पाणी उतरेल तसे खाली सरका आणि पाणी फिरलं की वर या. वादळानंतर लाटा बसल्यावरची पहिली ओहोटी चुकवू नका. तीन-चार दिवसांत वाळू परत यायला लागते.

मशीन आणि त्याची जुळवणी

एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं साधं मशीन कोरड्या वाळूत ठीक चालतं, ओल्या खाऱ्या वाळूत मात्र ते सतत कुरकुरतं. मीठ-पाण्यातून वीज वाहते आणि मशीनला ते धातूसारखंच वाटतं. त्यावर काळी वाळू आणि जांभ्यातलं लोखंड यांचा आवाज वेगळाच. पल्स इंडक्शन मशीन या दोन्हींना फारसं दाद देत नाही आणि खोलही जातं, पण ते खिळा आणि चांदी यांत भेद करत नाही. शॅक उभारले जातात त्या पुळणीवर ते दर दोन पावलांवर तुम्हाला खणायला लावेल. गोव्यासाठी एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारं, पाण्यात बुडलं तरी चालणारं मशीनच घ्यावं. मायनलॅबचं इक्विनॉक्स त्या जातीचं आहे.

मशीन बीच मोडवर ठेवा. ओल्या वाळूवर, धातू नसलेल्या जागी, ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनला गाळायला लावा. कोरड्या वाळूवरून ओल्या वाळूवर गेलात की पुन्हा करा. सेन्सिटिव्हिटी एकदम वर नेण्याचा मोह टाळा. ती खाली आणत आणत कुरकुर थांबेल तिथे ठेवा, कारण गोंगाटात खोलवरच्या नाण्याचा बारीक आवाज ऐकूच येत नाही. कॉइल, म्हणजे मशीनची खालची चकती, वाळूपासून दोन बोटं वर आणि सगळीकडे सारख्याच उंचीवर फिरवा. झोका टोकाला वर गेला की मीठ लगेच खोटा आवाज देतं. एका बाजूकडून दुसरीकडे जायला दोन ते तीन सेकंद लागू द्या आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्याची अर्धी जागा झाकेल असं चाला. हेडफोन लावल्याशिवाय लाटांच्या आवाजात हे काम होत नाही.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे ठरावीक धातूंचा आवाज बंद करणं, शक्यतो वापरू नका. चांदीच्या वर्खाएवढा पातळ आवाज कापला की त्याबरोबर कथील-शिशाचा बाजारुको हे पोर्तुगीज काळातलं किरकोळ नाणंही कापलं जातं आणि सोन्याचं लहान नाणंही. लोखंडाला खालचा सूर द्या, पण बंद करू नका.

आवाज आला की त्याच जागेवर नव्वद अंशांनी फिरून पुन्हा कॉइल फिरवा. दोन्ही बाजूंनी सारखा, गोल आवाज आला तर खणा. एका बाजूने आहे आणि दुसऱ्या बाजूने तुटतोय तर बहुतेक खिळा. बिअरच्या बाटलीचं बूच सर्वांत फसवं, त्याचा आवाज चांगल्या नाण्यासारखा वर जातो. कॉइलचं टोक त्याच्यावरून हळूहळू मागे ओढा, बुचाचा आवाज शेवटी लोखंडाच्या सुरात घसरतो. शिशाला मात्र अशी खूण नाही. शिसं आणि जुना बाजारुको मशीनच्या पडद्यावर एकाच आकड्यांवर बोलतात, त्यामुळे खणण्याला पर्याय नाही. कांदोळीच्या बाजूला आणखी एक अडचण आहे. जून 2000 मध्ये रिव्हर प्रिन्सेस जहाज सिकेरी-कांदोळीच्या किनाऱ्याला लागलं आणि वर्षानुवर्षं तिथेच गंजलं. तोडणीही तिथेच झाली, तेव्हा त्या पट्ट्यात लोखंड गृहीत धरूनच चाला.

खणायला स्टीलचा स्कूप, भोकं आठ ते दहा मिलिमीटरची. भोकं त्याहून मोठी असतील तर लहान नाणी त्यांतून गळून जातात. स्कूप आवाजाच्या जागेच्या वीतभर मागे लावा आणि पायाने दाबा. बरोबर वर लावलात तर धार नाण्यावर बसते आणि ओरखडा कायमचा राहतो. ओल्या वाळूत खड्डा लगेच ढासळतो, म्हणून पहिला घास मोठा घ्या आणि लगेच खड्ड्यावरून कॉइल फिरवून वस्तू बाहेर आली का बघा. खड्डा बुजवूनच पुढे जा. संध्याकाळी तिथे कुणी धावत असतं, रापण ओढणारेही असतात.

हातात काय आलं

एस्कुदोची नाणी ओळखायला सर्वांत सोपी. त्यांच्यावर 1958 ते 1961 मधलं साल आणि पोर्तुगीज भारताचं नाव असतं. दहा आणि तीस सेंटाव्हू ब्राँझची, त्यामुळे हिरवी पडतात. साठ सेंटाव्हू आणि एक, तीन, सहा एस्कुदो तांबं-निकेलची, ती करडी राहतात. त्याआधी रुपिया आणि तांगा चालायचे, सोळा तांग्यांचा एक रुपिया. 1881 सालच्या, पोर्तुगालच्या लुईश राजाच्या चांदीच्या रुपियाचं वजन 11.66 ग्रॅम. समुद्रात चांदी काळी कुळकुळीत होते, म्हणून गोल काळी चकती सापडली की टाकून देऊ नका, तोला. साधारण 27 ग्रॅमची असेल तर ते आठ रियालचं स्पॅनिश नाणंही असू शकतं. बाजारुको ओबडधोबड, ओतीव, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. आणि विजापूरकडची लारी म्हणजे चांदीची दुमडलेली तार. गंजलेल्या गळासारखी दिसते, म्हणून हाताने पारखल्याशिवाय कचऱ्याच्या पिशवीत टाकू नये. तार बारीक असल्यामुळे तिचा आवाजही एका दिशेने चांगला आणि दुसऱ्या दिशेने फिका येतो. वरचा नव्वद अंशांचा नियम इथे फसतो.

जुनी वस्तू दिसली की उचलण्याआधी पट्टी ठेवून फोटो घ्या, फोनवर अक्षांश-रेखांश, खोली आणि वेळ नोंदवा. एकाच जागी दोन-तीन जुन्या वस्तू निघाल्या, किंवा नाण्यांचा चिकटलेला गोळा लागला, तर खणणं तिथेच थांबवा, वाळू परत ओढा आणि पोलिसांना व पणजीच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. जहाजाचं लाकूड किंवा लोखंडी भाग वाटला तर बंदर कप्तान खात्यालाही. गोळा फोडू नका, आतला क्रम हीच त्याची किंमत. तोफगोळा किंवा काडतुसासारखं काही दिसलं तर हात न लावता 112 ला फोन करा.

कायदा नीट समजून घ्या. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय मिळालं, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. ती सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तारण द्यावं लागतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपूर्वीचं नाणं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. निघण्याआधी पर्यटन खात्याकडे आणि पंचायतीकडे लेखी विचारणा करा, स्थानिक पोलीस ठाण्यात कल्पना द्या. आग्वाद, शापोरा, काबो द रामा या किल्ल्यांच्या पायथ्याशी आणि नौदलाच्या हद्दीजवळ मशीन काढूच नका. मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालतात, तिथे खणणं म्हणजे घरटं फोडणं. विसर्जनाच्या आणि अस्थी सोडण्याच्या जागी सापडलेली नाणी, ताम्हन, टाक जिथल्या तिथे ठेवावेत.

उभ्या कडेखाली पाठ करून बसू नका, ओली वाळू सूचना न देता कोसळते. लाल बावटा असेल तर घोट्याच्या वर पाणी येऊ देऊ नका. वादळानंतर पाण्याखाली नवे चर पडलेले असतात. एकट्याने जाऊ नका. कुठून वाळू सुटली हे रापणकारांना आधी विचारा, त्यांच्याइतकं ते कुणाला ठाऊक नसतं.

नाणं घरी नेताना किंवा जमा करेपर्यंत ते गोड्या पाण्यात, वेगळ्या झाकणाच्या डबीत ठेवा. तांबं आणि चांदी एका डबीत नको, एकीमुळे दुसरं झिजतं. नाणं सुकू द्यायचं नाही, म्हणजे मीठ आत स्फटिक होऊन वरचा थर सोलत नाही. डिस्टिल्ड पाणी रोज बदलत किमान आठ-दहा दिवस. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, दात घासायचा ब्रश यांतलं काहीही लावू नका, अक्षरं पहिल्या घासण्यातच जातात. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर आतलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, जागं आहे. ते घरच्या पाण्याने थांबत नाही. अशा वेळी नाणं तसंच डबीत ठेवून, नोंदीसकट, पुरातत्त्व खात्याकडे द्या.