लावणीच्या दिवसांतला ताप

कुडाळ तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात मी परिचारिका होते. लावणीला उतरलेल्या माणसाला ताप आला, की घरचे म्हणतात, ‘भिजला म्हणून आला असेल.’ कृपा करून असं म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी केंद्रात जा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा, ‘चिखलात काम केलंय, पायाला चीर पडलीय.’ लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे, जंतू उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि जखमेतून अंगात शिरतात. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी चढतो. तोवर लावणी आटपलेली असते, म्हणून चिखलाचा विषयच निघत नाही.

पोटऱ्या हलकेच दाबून बघा, माणूस कळवळतो. डोळे लालबुंद होतात, पण चिपडं नसतात. ही दोन्ही नसली तरी लेप्टो नाहीच असं मात्र धरू नका.

तापासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५०ची एक गोळी. पुढची सहा तासांनी. यकृताचा त्रास असेल किंवा दारूची सवय असेल, तर आधी विचारा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, तेव्हा पाकीट वाचल्याशिवाय दोन्ही एकत्र देऊ नका. अंग दुखतं म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन तर आणूच नका: डेंग्यू असला तर रक्तस्रावाची भीती, लेप्टो असला तर मूत्रपिंडावर ताण. हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

डॉक्सीसायक्लिन (लेप्टोवरचं अँटिबायोटिक) लिहून दिली असेल, तर जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर द्या आणि अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. ताप उतरला तरी कोर्स पुरा करायचा. बाई गरोदर असेल, तर हे औषध घेण्याआधीच सांगावं.

खायला उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या.

सगळ्यात जास्त लक्ष लघवीवर ठेवा. किती वेळा झाली, रंग कसा, हे कॅलेंडरवर लिहा. लघवी कमी झाली, डोळे पिवळे पडले, धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं किंवा माणूस बरळू लागला, तर रात्र असली तरी १०८ला फोन करा. गाडी घाटीखाली थांबणार असेल, तर रुग्णाला चालवू नका, खुर्चीत बसवून उतरवा. गोळ्यांची सगळी पाकिटं आणि ते कॅलेंडर सोबत द्या.