बारावी नाही, पण पदवी करायचीय? सोलापूरकरांनी सुरुवात कुठून करावी

पूर्व भागात यंत्रमागावर उभं राहिलेल्या कित्येकांची शाळा आठवी-नववीतच सुटलेली असते. पुन्हा शिकायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास एकच, ‘सोपं बोर्ड कुठलं?’ त्याआधी एक काम करा.

१. दाखला शोधा. शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेत सापडला नाही, तर जुन्या शाळेत जा. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही, शाळेला कायम जपावं लागतं, त्यामुळे वीस वर्षांनीही दुसरी प्रत निघते. सोबत मूळ दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. मग दाखला आणि आधार शेजारी ठेवून नाव, आडनाव, जन्मतारीख ताडून पाहा. तेलुगू आडनावं तर दोन्हीकडे हमखास वेगळी लिहिलेली असतात आणि हा घोळ पुढं प्रत्येक टेबलावर आडवा येतो. शक्यतो आधारच दुरुस्त करा. दाखल्यातली दुरुस्ती म्हणजे शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या.

२. वाट ठरवा. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म खासगी विद्यार्थ्यांसाठी असतो. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण हवं. बारावीसाठी दहावी पास हवी. अर्ज ऑनलाइन, कागद मात्र संपर्क केंद्र असलेल्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, पण फॉर्म आदल्या वर्षीच भरावा लागतो. गड्ड्याच्या यात्रेत आठवण झाली, तर ते वर्ष गेलंच.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकेक विषय सोडवत जाता येतं. ज्याची कामाची पाळी दर आठवड्याला बदलते त्याला मी हीच वाट सांगेन. शेजारच्या पोरीची मराठी पुस्तकं आणि शिकवणी मिळणार असेल, तर १७ नंबर बरा.

कुठूनही जा, दहावी आणि बारावीत दोन वर्षांचं अंतर लागतं. ते धरूनच हिशोब करा.

दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा झालाय? मग अभियांत्रिकीसाठी बारावीच्या मागे लागू नका. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

३. प्रवेश घ्या. बी.एस्सी. करायची असेल, तर बारावीला विज्ञानाचेच विषय घेतलेले हवेत. हे निकालानंतर कळून उपयोग नाही. एनआयओएसवाल्यांनी गुणपत्रिकेसोबतचं स्थलांतर प्रमाणपत्र जपावं, कॉलेज तेच आधी मागतं. दिवसा सुट्टीच मिळत नसेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

‘महिन्यात बारावी, परीक्षा नाही’ असं सांगणारा एजंट भेटला, तर पैसे देण्याआधी त्याच्या बोर्डाचं नाव कागदावर लिहून घ्या आणि केगावला, सोलापूर विद्यापीठाच्या पात्रता विभागात ते चालतं का ते विचारून या.