योरुबात तंत्रज्ञान शिकवायचंय? आधी सूर लावा

‘इंग्रजी स्क्रिप्ट घ्या, भाषांतर करून घ्या, कॅमेऱ्यापुढे वाचा.’ हा सल्ला देणाऱ्यानं योरुबात, म्हणजे नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या भाषेत, तंत्रज्ञान शिकवणारा एकही व्हिडिओ केलेला नसतो, हे मी पैजेवर सांगतो. तिथल्या लागोस शहरात सहा वर्षं मी हेच काम करतोय. बोलतो माझा योरुबा सहकारी; विषय, चित्रं आणि एडिटिंग माझ्याकडे. फोन, माइक आणि शांत खोली तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. (शांत म्हणजे शेजारचा जनरेटर बंद असेल तेव्हाची. इथल्या छोट्या जनरेटरला लोक ‘आय बेटर पास माय नेबर’, म्हणजे ‘शेजाऱ्यापेक्षा मी बरा’ म्हणतात, त्यावरून काय ते समजा.)

एका व्हिडिओत एकच गोष्ट घ्या. ओटीपी तर ओटीपीच.

शब्द नवे पाडत बसू नका. जे रुळलेत तेच निम्मं शिकवून जातात. रेडिओ म्हणजे ‘असॉरॉमाग्बेसी’, बोलतो पण उत्तर घेत नाही. फोन म्हणजे ‘ईबानिसॉरॉ’चं यंत्र, माणसाशी बोलायचं. एकतर्फी आणि दुतर्फी संदेशवहन या दोन शब्दांत उरकतं. कॉम्प्युटर ‘अयाराबिआशा’, म्हणजे ससाण्यासारखा चपळ. इंटरनेटला ‘अयेलुजारा’ म्हणतात. पासवर्ड, ॲप हे मात्र लोक म्हणतात तसेच राहू द्या.

आता खरी अडचण. योरुबात तीन सूर आहेत: खालचा, मधला, वरचा. शिकवताना त्यांना डो, रे, मी म्हणतात. ‘ऑकॉ’ रे-रे म्हटलं तर नवरा, रे-डो म्हटलं तर गाडी, रे-मी म्हटलं तर कुदळ. गाडी कुठे आहे ते फोनवर कसं बघायचं, हा व्हिडिओ करताना काय होऊ शकतं ते सांगायला नको.

मी आपटलो ते पासवर्डवर. ‘पासवर्ड म्हणजे खात्याची किल्ली’ इतकं साधं वाक्य. किल्ली म्हणजे ‘कॉकॉरॉ’, तिन्ही मी. किडा म्हणजे ‘कोकोरो’, तिन्ही डो. रोमन लिपीत ‘ऑ’खाली टिंब असतं आणि सुरांच्या रेघा अक्षरांच्या डोक्यावर. मला ती कटकट वाटली, म्हणून सगळ्या खुणा उडवल्या आणि पैसे वाचवायला संगणकी आवाजाकडून वाचून घेतलं. सहकाऱ्याच्या आईनं ते ऐकलं आणि शांतपणे विचारलं, “खात्यात किडा कशाला सोडायचा?” व्हिडिओ तोवर शेकडो फोनांत पोचला होता.

तेव्हापासून माझे नियम कडक आहेत. स्क्रिप्ट पहिल्या अक्षरापासून खुणांसकट लिहायची; ‘खुणा नंतर घालू’ म्हणणाऱ्याच्या खुणा कधीच पडत नाहीत. मग ज्यानं इंग्रजी मजकूर पाहिलेलाच नाही, अशा माणसाकडून ती मोठ्यानं वाचून घ्यायची. तो जिथे अडखळतो तिथे भाषांतराचा वास येतोय, ते वाक्य फेकायचं. मी स्वतःसाठी शब्द देवनागरीत लिहून वर डो-रे-मी टाकतो. ‘ऑ’ आणि ‘ओ’चा फरक आपल्या लिपीत छान राहतो, सूर मात्र वेगळे लिहावेच लागतात.

आणखी एक खोड मोडावी लागते. महत्त्वाच्या शब्दावर आवाज चढवायचा नाही. चढवलात की सूर बदलला, सूर बदलला की शब्द बदलला. जोर द्यायचा तर थांबा, शब्द पुन्हा म्हणा. प्रश्न विचारतानाही शेवटी आवाज उचलू नका. त्यासाठी वाक्याच्या सुरुवातीला ‘शे’ आहे, आपल्या शेवटच्या ‘का’सारखं.

पार्श्वसंगीतात ढोल नको, त्यातही ‘दुंदुन’ नकोच. तो ढोल सुरांवर बोलतो, अगदी वाक्यंच्या वाक्यं. बोलण्याखाली तो वाजवला की दोन माणसं एकदम बोलल्यासारखं होतं. मला हे दोन व्हिडिओंनंतर कळलं.

सूचना देताना क्रियापदाआधी आदराचा ‘ॲ’ लावा. ‘दाब’ आणि ‘दाबा’ एवढाच फरक, पण बाजारात दुकान मांडून बसलेल्या बाईला ‘दाब’ म्हणाल तर ती फोन ठेवून देईल. सुरुवात ‘ॲ कू इशॅ’नं करावी. काम करत असलेल्या माणसाला घालायचा हा नमस्कार आहे, आणि आपले प्रेक्षक बहुतेक कामात असतानाच बघतात.

सबटायटल्ससाठी फॉन्ट आधी तपासा. खाली टिंब आणि वर रेघ असं अक्षर दोन-तीन तुकडे जोडून बनतं, आणि कच्च्या फॉन्टमध्ये रेघ उडून शेजारच्या अक्षरावर बसते. आपला रफार भलतीकडे जातो ना, तोच प्रकार. ‘कॉकॉरॉ’ टाइप करून बघा. त्यात जो फॉन्ट टिकला तो कशातही टिकतो.

फाइल लहान ठेवा, ती व्हॉट्सॲपवरूनच फिरणार आहे.

पाठवण्याआधी मी फोन सहकाऱ्याच्या आईच्या स्वयंपाकघरात उलटा ठेवतो, चित्र न दाखवता. ती तिचं काम करत ऐकते. मध्येच हसली, तर काय म्हणालो ते विचारून तेवढा भाग पुन्हा रेकॉर्ड करतो.