मोठ्या शहरातील तीन-चार दिवसांच्या सहलीची आखणी कशी करावी

मोठ्या शहरात तीन-चार दिवसांसाठी जाणारे बहुतेक लोक प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून आखणीला सुरुवात करतात आणि सहल बिघडण्याचे बीज तिथेच पडते. यादी बघता बघता वीस-पंचवीस नावांची होते, ती ठिकाणे शहराच्या चारही टोकांना विखुरलेली असतात, आणि प्रत्यक्ष तिथे पोहोचल्यावर दिवसाचा मोठा भाग गाड्या बदलण्यात, रांगेत उभे राहण्यात आणि ‘आता पुढे कुठे जायचे’ या चर्चेत निघून जातो. अशा छोट्या सहली अनेकदा आखल्यानंतर मी एका पद्धतीवर स्थिरावलो आहे. ठिकाणे मोजण्याऐवजी हाती असलेले अर्धे दिवस मोजावेत आणि प्रत्येक अर्ध्या दिवसाला शहराचा एकच भाग द्यावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबावर उभ्या आहेत.

१. हाती खरोखर किती वेळ आहे ते मोजा

एका कोऱ्या कागदावर प्रत्येक दिवसासाठी दोन चौकोन काढावेत, एक दुपारपर्यंतचा आणि दुसरा त्यानंतरचा. ‘तीन रात्री, चार दिवस’ असे म्हटले की आठ चौकोन दिसतात. पण पहिला चौकोन पोहोचण्यात आणि शेवटचा परतण्यात जातो, म्हणजे उरतात सहा. पोहोचायला संध्याकाळ होणार असेल तर पाचच. हा आकडा सुरुवातीला निराश करतो, परंतु तो खरा असतो, आणि त्यानंतरचे सगळे निर्णय त्यामुळे सोपे होतात.

प्रवासाची तिकिटे काढण्यापूर्वीच हा कागद समोर ठेवावा. अनेक महानगरांना एकाहून अधिक विमानतळ किंवा मोठी रेल्वे स्थानके असतात आणि त्यांची शहरापासूनची अंतरे फार वेगवेगळी असतात. टोकियोचेच पाहा. नारिता विमानतळ शहराच्या मध्यभागापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे, तर हानेदा त्याच्या तुलनेत कितीतरी जवळ आहे. दूरच्या विमानतळाचे तिकीट स्वस्त पडले तरी जाता-येता मिळून अर्धा दिवस खर्ची पडत असेल, तर तीन दिवसांच्या सहलीत तो व्यवहार सहसा तोट्याचाच ठरतो.

२. वार, सुट्ट्या आणि सूर्यास्त तपासा

या पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून तिच्यावर थोडे अधिक बोलायला हवे. पुष्कळ संग्रहालये आणि ऐतिहासिक वास्तू आठवड्यातून एक दिवस बंद असतात, पण तो दिवस सर्वत्र सारखा नसतो, अगदी एकाच शहरातही नसतो. पॅरिसमधील लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि तिथून फार दूर नसलेले ओर्से संग्रहालय सोमवारी. सोमवार-मंगळवार असे दोनच दिवस हाती असलेल्या प्रवाशाने क्रम उलटा लावला, तर दोन्ही दिवशी त्याला बंद दार दिसेल. सुलटा लावला, तर दोन्ही पाहून होतील. फरक फक्त आठवडाभर आधी दोन ओळी वाचण्याचा आहे. मी स्वतः एकदा ज्या संग्रहालयासाठी ते शहर निवडले होते, त्याच्याच पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी उभा राहिलो आहे. सोबत आलेल्या वडीलधाऱ्यांना तिथून परत फिरवताना वाटलेला खेद अजून गेलेला नाही.

वार तपासताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. ‘बंद होण्याची वेळ’ आणि ‘शेवटच्या प्रवेशाची वेळ’ या वेगळ्या असतात. बहुतेक ठिकाणी प्रवेश अर्धा-पाऊण तास आधी, काही ठिकाणी तर तासभर आधीच थांबतो. दुसरी गोष्ट प्रकाशाची. लंडनमध्ये जूनच्या अखेरीस रात्री नऊनंतरही उजेड असतो, पण डिसेंबरच्या अखेरीस दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्यामुळे हिवाळ्यात उत्तरेकडील शहरांत बागा, नदीकाठ आणि उंचावरून दिसणारी दृश्ये सकाळच्या चौकोनात टाकावीत आणि छताखालची ठिकाणे दुपारनंतर ठेवावीत.

३. ठिकाणे नकाशावर मांडा आणि गट पाडा

आता यादीकडे यावे, पण ती आवरती ठेवावी. सोबतच्या प्रत्येकाला विचारावे की कोणती दोन ठिकाणे पाहायची राहिली तर मनापासून हळहळ वाटेल. चार जण असतील तर पुनरुक्ती वगळून साधारण सहा नावे पुढे येतात आणि तेवढी पुरेशी असतात. मोबाइलवरील नकाशात ती खुणांनी दाखवावीत. मग ज्या क्रमाने ती आठवली तो क्रम विसरून, वीस-पंचवीस मिनिटे पायी चालण्याच्या टप्प्यात असलेल्या खुणांचे गट पाडावेत. शहर आपोआप तीन-चार तुकड्यांत विभागलेले दिसू लागते. प्रत्येक तुकडा एका चौकोनात, मोठा असेल तर दोन चौकोनांत बसवावा. एखादी खूण सगळ्यांपासून दूर एकटीच राहिली, तर तिच्यासाठी अख्खा अर्धा दिवस द्यायची तयारी आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. तयारी नसेल तर ती खूण पुसून टाकावी.

अंतर पाहताना भूमिगत रेल्वेच्या रंगीत नकाशावर मात्र विसंबू नये. हॅरी बेक यांनी आखलेला आणि १९३३ मध्ये लोकांच्या हाती आलेला लंडनचा नकाशा या प्रकारच्या नकाशांचा आदर्श मानला जातो. गाडी कुठे बदलायची हे त्यावरून चटकन कळते, पण प्रत्यक्ष अंतर कळत नाही, कारण तो अंतराच्या प्रमाणात काढलेलाच नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या लागोपाठच्या स्थानकांमध्ये जेमतेम अडीचशे-तीनशे मीटर अंतर आहे. जिने उतरून, गाडीची वाट पाहून पुन्हा वर येण्यात जो वेळ लागतो, तेवढ्यात माणूस रस्त्याने आरामात चालत पोहोचतो, आणि वाटेतले शहरही पाहून होते.

४. वेळ ठरवून घ्यावी लागणारी तिकिटे आधी काढा

काही ठिकाणी दारावर तिकीट मिळेल या भरवशावर जाता येत नाही. मिलानमधील लिओनार्दो दा विंचीच्या ‘द लास्ट सपर’ या भित्तिचित्रासमोर प्रत्येक गटाला फक्त १५ मिनिटे मिळतात आणि त्यासाठी बऱ्याच आधी नोंदणी करावी लागते. रोममधील बोर्गेझे कलादालनातही ठरलेल्या वेळीच आत जाता येते आणि आतला वेळ दोन तासांचा असतो. अशी ठिकाणे यादीत असतील तर ती आधी नक्की करावीत आणि बाकीचे चौकोन त्यांच्याभोवती रचावेत. मात्र एका दिवसात वेळेला बांधलेले एकच तिकीट ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. दोन असली की पहिल्या ठिकाणी असताना सगळे लक्ष घड्याळाकडे राहते आणि दोन्हींपैकी एकही नीट पाहून होत नाही.

तिकिटावरचे नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे आणि तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावे. अनेक ठिकाणांचा एकत्रित पास घेण्याआधी साधी बेरीज करावी: आपण ठरवलेल्यांपैकी किती ठिकाणे त्यात येतात आणि त्यांची सुटी तिकिटे कितीला पडतात? पासमध्ये नाव आहे म्हणजे प्रवेशाची वेळ राखून ठेवलेली आहे असे नव्हे; ती पुष्कळदा वेगळी घ्यावी लागते.

५. मुक्कामाची जागा त्यानंतर निवडा

गट पडल्यानंतर मुक्कामाचा परिसर जवळजवळ आपोआप ठरतो. ज्या परिसरातून बहुतेक गटांकडे गाडी न बदलता जाता येईल, तो आपला. खोली थोडी लहान असली तरी चालेल, पण स्थानक दहा मिनिटांच्या आत असावे, आणि रात्री परतताना तो रस्ता वर्दळीचा व उजेडाचा असावा. सोबत वृद्ध माणसे, लहान मुले किंवा जड सामान असेल तर स्थानकात उद्वाहक आहे का हे तपासावे. लंडनची भूमिगत रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. इतक्या जुन्या व्यवस्थांमध्ये अजूनही कित्येक स्थानकांवर जिन्यांना पर्याय नाही.

६. एक अर्धा दिवस कसा भरावा

एका चौकोनात एक मुख्य ठिकाण, त्याच्या जवळचे एक दुय्यम ठिकाण आणि मध्ये बसण्याची एक जागा, एवढेच लिहावे. समजा, सकाळी नऊ वाजता मोठे संग्रहालय आहे. दार उघडण्याआधी पंधरा मिनिटे तिथे असावे, कारण पहिला तास सर्वांत शांत असतो. आत शिरल्यावर सगळे पाहण्याचा मोह धरू नये. लूव्रमध्ये सुमारे ३५,००० कलावस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीसमोर दहा सेकंद थांबायचे म्हटले तरी ९७ तास लागतील. त्याऐवजी आतला नकाशा घेऊन दोन दालने निवडावीत, पाच-सहा वस्तूंसमोर मनसोक्त उभे राहावे आणि दोन तासांनी बाहेर पडावे. संग्रहालयात थबकत थबकत चालल्याने पाय रस्त्यावरच्या चालण्यापेक्षा अधिक दुखतात. म्हणून त्यानंतर बाग, नदीकाठ किंवा चौकातले बाक गाठून अर्धा तास खरोखर बसावे. दुय्यम ठिकाण त्यानंतर, आणि पाय नको म्हणत असतील तर ते सोडून द्यावे.

प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात पावसासाठी छताखालचा एक पर्याय लिहून ठेवावा. सगळ्या चौकोनांपैकी एक मुद्दाम रिकामा ठेवावा. आवडलेल्या भागात पुन्हा जाण्यासाठी, किंवा आधी हुकलेले पाहण्यासाठी तोच कामी येतो.

७. निघण्यापूर्वीची किरकोळ कामे

शहराचा नकाशा इंटरनेटशिवाय चालेल अशा रीतीने मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, आणि मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्यावा. वाहतुकीचा पास घेण्यापूर्वी रोज किती फेऱ्या होणार ते मोजावे. आखणी गटांनुसार असेल तर त्या दोन-चारच निघतात. नवे बूट सहलीत प्रथमच घालू नयेत. औषधे हातातल्या पिशवीत असावीत, आणि पैसे व कार्डे दोघांत विभागून ठेवावीत.

८. पहिला आणि शेवटचा चौकोन

खोली बहुधा दुपारी दोन-तीननंतर मिळते आणि परतीच्या दिवशी अकरा-बाराच्या सुमारास सोडावी लागते. मधले तास सामान ओढत घालवू नयेत. मुक्कामाच्या ठिकाणी ते ठेवून घेतात का हे आधीच विचारावे, नाहीतर स्थानकावरील सामानघराची वेळ पाहून ठेवावी. पहिल्या दिवशी मुक्कामाच्या आसपास चालून स्थानक, औषधांचे दुकान आणि परतीची खूण ठरेल अशी एखादी ठळक इमारत पाहून घ्यावी. शेवटच्या दिवशी तिकिटाचे काहीही ठेवू नये. परतीच्या गाडीच्या किंवा विमानाच्या वेळेपासून उलट मोजत निघण्याची वेळ कागदावर लिहावी, ती आणखी अर्धा तास अलीकडे आणावी, आणि त्याआधीचा वेळ मुक्कामापासून चालत जाता येईल अशाच एखाद्या बागेत किंवा रस्त्यावर घालवावा.